साडेसात दोऱ्या

एकवीस मिनिटं झाली होती आणि खोलीत कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

नोएलीन हॅगर्ट भिंतीलगतच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर गुणांचा तक्ता, हातात पेन्सिल. तक्त्याला सात रकाने. बोलायला सुरुवात कोणी केली, दुसऱ्याला बोलतं कोणी केलं, मतभेद झाल्यावर पडतं कोणी घेतलं, असे. सगळे तिनेच आखलेले. गेल्या अकरा वर्षांत या खोलीत नोकरीसाठी कितीतरी पोरं येऊन गेली, पण पहिल्या दोन मिनिटांत निदान तीन रकाने भरले नाहीत असं कधी झालं नव्हतं. कॉमर्सची पोरं तर खुर्ची ओढता ओढताच पुढाकार घ्यायची. "चला, आधी वेळ वाटून घेऊया का?" असं कोणी म्हणालं की तिची पेन्सिल आपसूक हलायची.

आजची तिघंही गणिताची होती. लॉक्लन बेग हा सव्वासहा फुटी मुलगा चक्क गालिच्यावर उताणा पडून छताकडे बघत होता. वेन लियांग खिडकीच्या काचेला कपाळ टेकून उभा होता आणि काचेवर साचलेल्या वाफेत बोटाने टिंबं काढून पुसत होता. मेलेआने फिफिता तेवढी खुर्चीत बसली होती, पण तिनेही कोड्याचा कागद उलटा करून ठेवला होता. जणू त्यातलं घ्यायचं ते तिने घेतलं होतं आणि आता त्याची अडचणच होत होती.

यांचं आपसात भांडण झालंय का? नोएलीनला कळेना. की आजारी आहेत? तिने घसा खाकरून पाहिला. कोणी वळलं नाही. तिने पुन्हा खाकरला तेव्हा लॉक्लनने जमिनीवरूनच हात वर केला, झोपलेलं मूल उठेल म्हणून आपण करतो तसा.

या पोरांना बोलवायचं ही कल्पना फ्रेझर लॉकीची. केर्नमुअर स्टोअर्सचा तो मुख्य. कंपनी शेतकऱ्यांना लागेल ते सगळं विकायची. कुंपणाची तार, गवताचं बी, मेंढ्यांची औषधं, गमबूट. ऑकलंडच्या कुठल्याशा परिषदेत फ्रेझर ऐकून आला होता की आता सगळे गणितवालेच घेतात. "धंदा शिकवता येतो म्हणे नोएलीन, डोकं शिकवता येत नाही."

"त्यांना आपल्याकडे यायचं असेल का पण?"

"तेच बघ ना. एकदा करून बघू. गुरुवारी तीन वाजेपर्यंत मला एक नाव दे. नाही जमलं तर राहू दे, पुढच्या वर्षीपासून भरतीचं सगळं ऑकलंडच्या एजन्सीकडे देऊन टाकू. तू तरी किती धावशील?"

हे तो इतक्या मायेने म्हणाला, की तिला धडकीच भरली. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ती इथे गमबुटांच्या काउंटरवर लागली होती. एजन्सी आली की परत तिथेच. गमबुटांशी तिचं वैर नव्हतं. पण माणूस निवडणं ही एकच गोष्ट आपल्याला येते असं तिला वाटायचं. नवरा निवडताना चुकली, घराचे पडदे निवडताना तर दोनदा चुकली. कंपनीसाठी निवडलेली माणसं मात्र टिकली होती. फ्रेझरसुद्धा तिनेच निवडलेला, पहिल्या वर्षीचा पहिला.

मग ती विद्यापीठात गेली होती. गणित विभागातल्या प्राध्यापकाने तिला चहा दिला, तिची जाहिरात दोनदा वाचली आणि अगदी सरळपणे विचारलं, "आमची पोरं तिथे करणार काय?" तिने चहा संपवून जाहिरात तिथेच ठेवली होती. तरी तीन अर्ज आले. 'तुमची एक उणीव सांगा' या प्रश्नाला लॉक्लनने लिहिलं होतं, 'कोणती एक ते कळवावे.' वेनने लिहिलं होतं, 'अजून सापडलेली नाही. म्हणून ती नाहीच असे म्हणता येणार नाही.' हा उद्धटपणा की प्रामाणिकपणा यावर नोएलीनने एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

चोविसाव्या मिनिटाला जमिनीवरून आवाज आला.

"पंधरा."

"हं," खिडकीतून वेन म्हणाला.

"हो ना," मेलेआने म्हणाली.

आणि तिघंही उठली. लॉक्लनने पॅन्टला लागलेले गालिच्याचे धागे झटकले. मेलेआनेने कागद सुलटा केला, एक ओळ लिहिली, तिच्या शेवटी एक छोटासा चौकोन काढला आणि कागद नोएलीनच्या हातात दिला.

"झालं," वेन म्हणाला. "खाली चीज रोलचा वास येतोय. ते आमच्यासाठी आहेत का?"

"तुमच्यासाठीच आहेत. पण अरे, अजून छत्तीस मिनिटं आहेत."

"त्यांचं काय करायचं?" वेनने विचारलं. चेष्टा नव्हती. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

नोएलीनने कागद पाहिला. त्यावर लिहिलं होतं, 'असे होऊ शकत नाही.'

"हा चौकोन कसला?"

"संपलं याची खूण," लॉक्लन म्हणाला, आणि दारातून डोकं खाली घालून बाहेर पडला.

कोडं साधं होतं. कंपनीची पाच गावांत गोदामं. डनीडिन, ओमारू, गोर, अलेक्झांड्रा आणि पार कोपऱ्यातलं 'ते आनाऊ'. एखाद्या गोदामातला माल संपला तर त्याने कोणाकडे मागायचा हे ठरवून द्यायचं. प्रत्येक गोदामाला बाकीच्यांपैकी नेमकी तीन गोदामं जोडायची. ज्यांची जोडी त्यांनी एकमेकांना माल द्यायचा. कोणाला कोण जोडायचं ते तासाभरात ठरवा आणि योजना मांडून दाखवा. अकरा वर्षं सगळ्यांनी ती मांडून दाखवली होती. रंगीत खडूंनी, बाणांनी, एकाने तर खेळण्यातले ट्रक आणून.

आणि हे तिघं म्हणतात होऊ शकत नाही.

ती खाली गेली तेव्हा आणखी गोंधळली. जेवणघरात तिघंही एका वेळी बोलत होती. चीज घालून गुंडाळलेल्या त्या पावांच्या ताटाभोवती नुसता कल्ला.

"अरे, गुंडाळी मोजताना टोक धरायचं की नाही ते आधी सांग."

"तू धरू नकोस, तू खा. तुझ्याच्याने तेवढंच होईल."

"थांब थांब, मला कळलं नाही. पहिल्यापासून सांग."

"तुला कधी कळतं? हं, पहिल्यापासून."

वेनने लॉक्लनला तोडलं, मेलेआनेने वेनला तोडलं, लॉक्लनने स्वतःचंच म्हणणं खोडून काढलं आणि त्यावर स्वतःच खूश झाला. 'मला कळलं नाही' हे वाक्य पाच मिनिटांत सात-आठ वेळा आलं, आणि दर वेळी बाकीचे दोघं उलट हुरूपाने सांगायला लागले. कॉमर्सच्या पोरांत हे वाक्य कोणी उच्चारलं असतं तर त्याचं तिथेच संपलं असतं. इथे सातही रकाने भरून वाहिले असते, आणि तक्ता वर खुर्चीत राहिला होता.

ती परत वर गेली. गुरुवारचे पावणेदोन. सात रकाने, तीन नावं, एकवीस शून्यं. हे घेऊन फ्रेझरसमोर जायचं कसं? आणि मुळात यांनी कोडं सोडवलं की सोडवलंच नाही? आळशी आहेत की हुशार? माणूस समोर बसला की दहा मिनिटांत तो कळायचा तिला. आज तीन माणसं होती आणि एकही कळलं नव्हतं.

दार वाजलं. मेलेआने होती.

"माझा स्कार्फ राहिला." तो गळ्यात घालून ती जायला निघाली, मग थांबली. "तुम्ही तो कागद अजून बघताय."

"बघतेय खरी. बाळ, राग मानू नकोस, पण मला शाळेतही गणित आलं नाही. होऊ शकत नाही म्हणजे काय? तुम्हाला सुचलं नाही असं ना?"

"नाही. कोणालाच सुचणार नाही असं." मेलेआनेने गळ्यातला स्कार्फ काढून टेबलावर लांब पसरला. "ही दोरी समजा. एका दोरीने किती गावं जोडली जातात?"

"दोन."

"कारण दोरीला टोकं दोन. आता गावं पाच. प्रत्येक गावात तीन टोकं बांधलेली हवीत. एकूण टोकं किती?"

"पंधरा."

"मग पंधरा टोकं असायला दोऱ्या किती लागतील?"

नोएलीनने मनात भागाकार केला. मग बोटांवर केला.

"साडेसात."

"ती अर्धी दोरी कुठे बांधणार?"

नोएलीन स्कार्फकडे बघत राहिली. हे तिला कळलं होतं. कळलं याचंच तिला इतकं नवल वाटलं, की त्यातून पुढे काय निघतं हे ध्यानात यायला थोडा वेळ गेला.

"पण इतक्या वर्षांत सगळ्यांनी करून दाखवलंय की."

"मग कोणाला तरी कमी पडलं असणार," मेलेआने म्हणाली. स्कार्फची घडी करता करता तिने विचारलं, "ही गावं खरी आहेत. ओमारू तर माझंच. अशी गोदामं खरंच आहेत का तुमची?"

"आहेत."

"मग उपाशी कोण राहतं?"

नोएलीनने कागद उलटा केला, परत सुलटा केला. मेलेआनेने थोडा वेळ वाट पाहिली, मग "बसची वेळ झाली" म्हणून निघून गेली.

फ्रेझरच्या खोलीबाहेर, बोळात, एक चौकट टांगलेली होती. अकरा वर्षांपूर्वी फ्रेझरने याच कोड्यावर केलेलं चित्र. म्हाताऱ्या केर्नमुअरसाहेबांना ते इतकं आवडलं होतं, की नुसती नोकरी देऊन ते थांबले नाहीत. माल मागवायचा नवा संगणक बसवला तेव्हा तो या चित्राबरहुकूम बसवून घेतला. नोएलीन रोज त्या चौकटीवरून जायची. रेषा मोजाव्यात असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. देवाच्या तसबिरीतली फुलं कोणी मोजतं का?

आता तिने मोजल्या. सात.

परत मोजल्या. डनीडिनला तीन. ओमारूला तीन. गोरला तीन. अलेक्झांड्राला तीन. ते आनाऊला एक गोरची, एक अलेक्झांड्राची, आणि तिसऱ्या जागी फ्रेझरने एक फार सुंदर डोंगर काढला होता.

ती जागेवर आली आणि तिने ते आनाऊच्या गोदामात फोन लावला. तिथला व्यवस्थापक रेवी पराता तिच्याच वयाचा, दर नाताळच्या पार्टीत दोन ग्लास झाले की कंपनीला शिव्या घालणारा.

"काय गं, कोण गेलं?" रेवी म्हणाला.

"कोणी गेलं नाही. तुला काहीतरी विचारायचंय."

"दुपारी फोन केलास म्हणून म्हटलं. विचार."

"कोकरांची दूध पावडर संपली की तू कोणाकडे मागतोस?"

"गोरकडे. त्यांच्याकडे नसली तर अलेक्झांड्राकडे."

"आणि तिथेही नसली तर?"

"तर शेतकऱ्यांची बोलणी खातो आणि ट्रकची वाट बघतो. दर वसंतात तेच. तुम्ही लोक म्हणता रेवीला आधी मागवून ठेवता येत नाही."

"डनीडिनकडे का मागत नाहीस? तिथे ढीग असतो."

"संगणक घेत नाही. मला वाटलं तुम्ही मुद्दामच तसं केलंय. आम्ही कोपऱ्यातले ना." तो हसला. "का गं? कोणी काही म्हणालं का?"

"म्हणालं असं नाही," नोएलीन म्हणाली. "विचारलं."

तीनला दहा कमी असताना ती फ्रेझरच्या खोलीत गेली. येताना तिने बोळातली चौकट उतरवून आणली होती. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. एजन्सीला जाणार असेल तर जाऊ दे, पण आधी हे, इतकंच तिच्या डोक्यात होतं.

"कसे होते?" फ्रेझरने विचारलं. मग चौकट पाहिली. "हे काय, साफसफाई काढलीस?"

"फ्रेझर, यातल्या रेषा मोज."

तो चौकटीकडे बघेना. टेबलावरचं पेन उचलून त्याने टोपण काढलं, परत लावलं.

"सात आहेत," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"त्या दिवशी शेवटच्या मिनिटाला लक्षात आलं. ते आनाऊला दोनच पडल्या होत्या. परत करायला वेळ नव्हता. म्हणून तिथे डोंगर काढला आणि बोलत सुटलो. वीस मिनिटं थांबलोच नाही. म्हटलं थांबलो की कोणीतरी मोजेल." तो कसनुसं हसला. "पुढाकारात तू मला पैकीच्या पैकी दिलेस. मग साहेबांनी संगणकच त्यावर बसवला. आता काय बोलणार? सुरुवातीला घरी रात्रंदिवस कागदावर मांडून बघायचो. आठवी रेषा घातली की दुसऱ्या कोणाला तरी चार व्हायच्या. बरोबर उत्तर काही सापडेना. म्हटलं आपलं डोकंच तेवढं. दर वर्षी तू नवी पोरं आणतेस ना, मी त्या खोलीत कधी येत नाही. पाहिलंयस का तू?"

पाहिलं होतं. कामात असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"बरोबर उत्तर नाहीच आहे त्याला," नोएलीन म्हणाली, आणि त्याच्याच टाय टांगायच्या हुकावरचा टाय काढून टेबलावर पसरून तिने त्याला टोकं, दोऱ्या आणि साडेसात समजावून सांगितले. मध्ये एकदा चुकली, पहिल्यापासून सांगितलं.

फ्रेझरने टायचं एक टोक उचललं, परत ठेवलं. मग म्हणाला, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"तुझं नव्हतं. माझं. कोडं मी टाइप केलं होतं. साहेब म्हणाले होते प्रत्येकाला दोन-तीन शेजारी जोडून द्यायचे. मी म्हटलं परीक्षा कशी परीक्षेसारखी दिसायला हवी. म्हणून 'नेमकी तीन' घातलं."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

दोघांनी एकदमच चौकटीतल्या डोंगराकडे पाहिलं. डोंगराच्या माथ्यावर बर्फसुद्धा काढला होता. फ्रेझर रागावेल असं तिला वाटत होतं, निदान उदास होईल. त्याचा चेहरा मात्र बूट काढून पाय मोकळे केलेल्या माणसासारखा दिसत होता. हे कसं वाचायचं हेही तिला कळेना. आजचा दिवसच तसला.

"बरं, नाव?" त्याने घड्याळाकडे बघून विचारलं. "तिघांनीही तेच सांगितलं ना?"

"तिघांनीही. शून्यंसुद्धा सारखीच आहेत."

"मग निवडणार कशावरून?"

"मेलेआने फिफिता," नोएलीन म्हणाली. "एकजण जमिनीवर झोपला होता, एकाने छत्तीस मिनिटांचं काय करायचं ते मला विचारलं. चांगली आहेत रे दोघंही, बहुतेक. पण ही परत आली आणि म्हणाली, उपाशी कोण राहतं. हे कोणत्या रकान्यात बसतं मला विचारू नकोस. मला ठाऊक नाही."

"आणि एजन्सी?"

"ते तू ठरव. अकरा वर्षं खोट्या कोड्यावर माणसं निवडली मी."

"त्यात मीही आहे," फ्रेझर म्हणाला. "एजन्सी राहू दे. तू नवं कोडं कर. आणि त्या मुलीकडून तपासून घे."

सव्वातीनला नोएलीनने फोन लावला. ओमारूची बस तेव्हा किलमॉगच्या चढावर असणार, तिथे आवाज धड येत नाही. तिने नोकरी देऊ केली, पगार सांगितला.

"पण आम्ही तर काहीच केलं नाही," मेलेआने म्हणाली. "मला कळलं नाही. कशासाठी निवडलंत?"

आज दुपारपर्यंत नोएलीनने या प्रश्नाला कंपनीच्या माहितीपत्रकातलं काहीतरी ऐकवलं असतं.

"मलाही नीट कळलेलं नाही," ती म्हणाली.

थोडा वेळ बसची नुसती घरघर.

"तुम्ही मघाशी सांगितलं नाहीत. उपाशी कोण?"

"ते आनाऊ."

"किती वर्षं?"

"अकरा."

मग काहीच नाही. घरघरही नाही. फोन कटला, की बस बोगद्यासारख्या खाचेतून चाललीय, की मुलगी विचार करतेय? 'हॅलो, ऐकू येतंय का' हे शब्द नोएलीनच्या ओठांशी आले होते. ते तिने गिळले. शून्यांचा तक्ता पुढे होता, त्याच्या कोपऱ्यात तिने पाच टिंबं काढली, सात रेषा ओढल्या. मग ते आनाऊपासून डनीडिनपर्यंत आठवी ओढली. डनीडिनला चार झाल्या. चार चालतील का? कोणाला विचारायचं? नियम तर तिनेच घातला होता. तिने पेन्सिलीने 'नेमकी' असं लिहिलं आणि खोडलं, आणि कान फोनला लावून बसून राहिली. एक मिनिट झालं. दुसरंही झालं असावं.

"मग येते मी," पलीकडून आवाज आला.